साल अक्तीपर्यंत होतं

बा, हे तुला लिहिते आहे, आणि तुझ्यासारख्या त्या सगळ्यांनाही, ज्यांचं काम मुदतीच्या आधी थांबवलं गेलं, ज्यांना कोणी तरी सहज, उभ्या उभ्या, 'आता येऊ नको' म्हणून सांगितलं, आणि ज्यांना आपलं काय चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. बोलायला लागले की आधी समोरच्यांना त्यांच्या दुखण्याच्या नावानं हाक मारायची ही माझी व्यासपीठावरची सवय आहे. ती पत्रातही आली. पण आज समोर सभा नाही. गोंदियातली माझी भाड्याची खोली आहे, बाहेर राइस मिलचा भुसा उडतो आहे म्हणून खिडकी बंद आहे, आणि टेबलावर दोन कागद आहेत. एकावर हे लिहिते आहे, दुसऱ्यावर सोमवारच्या आत सही करून द्यायची आहे. दुपारचे दोन वाजले आहेत, शनिवार आहे.

तू गेलास तेव्हा मी नुकतीच सभांमधून बोलायला लागले होते. आता माझं तेच पोट भरायचं साधन आहे. नोकरी नाही. कोणी शाळेत बोलावतं, कोणी महिला मेळाव्याला, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरल्या की गावोगाव. यंदा अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एका कंपनीनं मला बारा महिन्यांसाठी करारावर घेतलं. काम असं की आपल्या भागातल्या गावांत जायचं आणि बायांना समजावून सांगायचं: तुम्ही कंपनीसाठी सुवासिक धान लावा, तीन वर्षं सगळा माल कंपनी उचलेल, दलालाकडे जायची गरज नाही. मला ते पटलं होतं, हे तुला आधी सांगते. न पटलेलं मी आजवर बोललेले नाही. मी गावागावात उभी राहिले, रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या आधी आपल्या केशोरीतल्या कितीतरी घरांनी सह्या केल्या, आणि आज ते धान बांध्यांमध्ये उभं आहे, लोंबी भरते आहे.

भाद्रपदात फोन आला. कंपनीचा गोंदियातला समन्वयक, माझ्या अर्ध्या वयाचा, फार गोड बोलणारा.

"मॅडम, एक छोटंसं अपडेट होतं. तुमचं काम एकदम बढिया झालं. तर आता आपण इथंच थांबू."

"थांबू म्हणजे?"

"म्हणजे फील्डवर यायची जरूरत नाही. रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडं. ऊपर से तय हुआ है."

"बारा महिन्यांचा करार आहे आपला. पाच झालेत."

"हो मॅडम, पण सात दिवसांची नोटीस देऊन थांबवता येते. मेल पाहून घ्या ना."

"काम चांगलं झालं म्हणून काढून टाकता?"

"काढून टाकता नका ना बोलू, मॅडम. अच्छा नहीं लगता."

मी जन्मभर लोकांना प्रश्न विचारत आले, बा. त्या पोराला पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. मी चक्क "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मेल उघडला. त्यात जोडलेला करार उघडला. सात दिवसांची सूचना देऊन, कारण न देता, कंपनी करार संपवू शकते. मला मात्र तसं करता येत नाही. करार संपवला तरी बारा महिने पूर्ण होईपर्यंत मी दुसऱ्या कोणासाठी धानावर बोलायचं नाही. कंपनीच्या कामाबद्दल तर कुठेच, कोणापुढेच नाही. आणि माझं ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं. म्हणजे मला काम नाही, आणि पुढच्या अक्तीपर्यंत दुसरीकडे कामाला जायची मोकळीकही नाही. या जिल्ह्यात धानाचा विषय सोडून बोलायचं म्हटलं तर माणसाला पावसाबद्दलसुद्धा बोलता येत नाही. दोन मंडईंची आमंत्रणं आली होती, दोन्ही शेतकरी मेळाव्यांची. दोन्हीकडे तब्येतीचं कारण सांगितलं. पहिल्यांदा खोटं बोलताना जीभ अडखळली, दुसऱ्यांदा नाही.

गेल्या आठवड्यात भावाकडे केशोरीला जायला निघाले. कोहमाऱ्याला बस बदलायची होती, म्हणून नेहमीच्या ढाब्यावर चहा घेत बसले. रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप आली, आणि तिच्यातून मी बोलत होते. "आयाबायांनो, मी तुमच्या केशोरीचीच लेक. हा करार लेखी आहे. यात काही अडचण आली तर घाबरू नका, मी आहे." स्वतःचा आवाज तसा ऐकण्यात एक विचित्र लाज असते. आपल्या अंगावरची साडी दुसरी कोणी नेसून चालली आहे असं वाटतं. ढाब्याचा मालक मला ओळखतो. तो कढईवरून मान वर करून म्हणाला, "अवो मॅडम, तुमी त इथं चाय पिऊन रायल्या. मंग गाडीत कोन बोलून रायलं?"

"मीच."

"मंग लोकायनं कोन्तीले सच्ची समजाव?"

ट्रकवाले हसले. मीही हसले. जीप केशोरीच्या रस्त्याला वळली. तिच्या मागची बस माझी होती, आणि ढाब्यापासून नवेगावच्या जंगलापर्यंत मी माझ्याच आवाजाच्या मागे मागे जात होते.

त्या बसमध्ये तू आठवलास. खरं तर तुझं ते वर्ष आठवलं, ज्याबद्दल आपण दोघं नंतर कधीच बोललो नाही.

मी चौदा वर्षांची आहे. तू अक्तीच्या दिवशी मालकाच्या ओसरीवर बसून साल धरलं आहेस, म्हणजे पुढच्या अक्तीपर्यंत त्याचा नौकर, सालदार. कागद नाही, साक्षीदार नाही. मालक म्हणाला "राहाशील ना गा?", तू म्हणालास "राहीन", आणि साल ठरलं. उन्हाळ्यात शेणखताची खातरं टाकलीस, पावसात चिखलणी केलीस, रोवणे आटोपले. अंगमेहनतीचं सगळं काम उरकलं आणि मालकाच्या दारात ट्रॅक्टर आला. पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उडाला नव्हता, आणि मालक तुला म्हणाला, "आता तू येऊ नको."

गावात रीत अशी होती की एकाचं साल धरलेला माणूस दुसरा मालक मध्येच ठेवून घेत नसे. मालकामालकांत वाकडं नको म्हणून. त्यामुळे ज्यानं हाकललं त्याच्याकडे तुला काम नव्हतं आणि ज्यांच्याकडे काम होतं ते तुला हात लावत नव्हते. आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मालकाच्या गोठ्यात गेलास. बैल अजून विकले नव्हते. त्यांना पाणी दाखवलंस, शेण काढलंस आणि परत आलास. तिसऱ्या दिवशीही. दहाव्या दिवशीही. पारावरचे लोक तुला बघून म्हणायचे, "काऊन गा, ट्रॅक्टरले चारा टाकाले चाललास का?" तू मान खाली घालून जायचास. माय भांडली, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "साल त्यानं मोडलं. म्या नाई मोडलं. म्या अक्तीवरी धरलं हाये."

मला तुझी इतकी चीड आली होती की मी एका सकाळी तुझ्या मागून गेले आणि मालकाच्या अंगणात उभी राहून बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता, शेजारची माणसं कुंपणाला येऊन उभी राहिली होती, आणि माझ्या लक्षात आलं की कोणी हलत नाहीये, सगळे ऐकताहेत. मालक चिडला नाही. तो तुझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी बोलते मातर बेस." आणि आत गेला. झालं काहीच नाही. पण मला वाटलं, मी जिंकले.

घरी येताना तू तळ्याच्या पाळीवर थांबलास. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवशील. तू विचारलंस, "तू माह्यासाठी बोलली का तुह्यासाठी?" मी म्हणाले, तुझ्यासाठीच तर. तू म्हणालास, "नाई. तुले मजा आली. म्या तुह्या तोंडाकडं पायलं ना."

आयुष्यात मला पुष्कळांनी घालूनपाडून बोललं आहे, निवडणुकीच्या सभांत दगडही आले आहेत. तेवढं मला कशानंच लागलं नाही.

पण बोलणं तू थांबवलं नाहीस. त्याच वर्षी, काम नसलेल्या त्या लांब महिन्यांत, तू कुठून कुठून जुनी वर्तमानपत्रं आणायचास. किराणा दुकानातून, बसस्टँडवरून, एकदा तर ओल्या मच्छीच्या पुड्याचा कागद वाळवून. स्वतःला अक्षर येत नव्हतं. चुलीजवळ बसून जेवायचास आणि मी वाचायची. मी मोठ्या मथळ्यांवरून उड्या मारत गेले की तू थांबवायचास. "ते बारीक काऊन सोडलं? मोठं त सारेच वाचतेत." मग मी लिलावाच्या सूचना वाचायची, हरवलेल्या सातबाऱ्यांच्या जाहिराती वाचायची, कोर्टाची समन्सं वाचायची. माय म्हणायची, पोरीचा घसा बसन. तू म्हणायचास, वाच. पुढे मी जे काही वाचलं, किती तरी कपाटं भरून, ते सगळं त्या चुलीपाशी सुरू झालं.

त्या वर्षातून मी एक गोष्ट उचलली आणि ती माझा झेंडा केली: लेखी घ्या. मी ती शेकडो ठिकाणी बोलले आहे, बा. विडी वळणाऱ्या बायांना बोलले, तेंदूपानं तोडणाऱ्यांना बोलले, घरकामवाल्यांना बोलले. तोंडी शब्दावर माझ्या बापाचं वर्ष बुडालं, तुमचं बुडू देऊ नका, लेखी घ्या! या वाक्यावर टाळ्या पडतात. मला वाटायचं की तुझ्यावरचा अन्याय कागद नसल्यामुळे झाला. कागद असता तर मालकाची हिंमत झाली नसती. म्हणून या कंपनीनं जेव्हा छापील करार पुढे केला, माझ्यासाठीही आणि गावातल्या बायांसाठीही, तेव्हा मला तो माझाच विजय वाटला. मी गावोगाव तो कागद हातात उंच धरून दाखवत होते.

केशोरीला पोचले, तर भावाच्या अंगणात बचत गटाची अध्यक्ष बसलेली. माझ्या वर्गातली. लहानपणी माझ्या पाटीवर थुंकून पुसायची ती. आता तिच्या शब्दावर पाऊण गाव चालतं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत करार.

"माय वो, आलीस का? कंपनीचा पोट्टा त सांगून रायला की मॅडम बिमार हाये. दिसतेस त चांगली जाडजूड."

मी काहीतरी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. "हे पाय. सोमवारी आनखी चाळीस घरं सह्या करनार हायेत, उन्हारी धानाच्या. माह्या सुनेनं रात्रभर डोस्कं लावलं. तिले नववं कलम समजून नाई रायलं. तू वाचून दे."

मी तिथंच, उभ्यानं, वाचलं. कंपनी सात दिवसांची सूचना देऊन, कारण न देता, करार संपवू शकेल. शेतकऱ्याला तीन वर्षं संपवता येणार नाही. करार संपल्यावरही त्या हंगामाचा माल शेतकरी कंपनीच्या परवानगीशिवाय इतरत्र विकणार नाही. मी दोनदा वाचलं. मग पर्समधून फोन काढून माझा करार उघडला. नववं कलम. शब्दाला शब्द तोच, फक्त माझ्या कागदात 'वक्ता' आहे तिथं तिच्या कागदात 'उत्पादक' आहे. तिच्या 'माल'च्या जागी माझ्या कागदात 'सेवा' आहे. एकच साचा, बा. तिच्या धानाला आणि माझ्या आवाजाला.

मी तिला सोपं करून सांगितलं. तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "म्हंजे उद्या धान कापाच्या वेरी त्यायनं नाई म्हटलं त घरात सडू द्याचं?"

"हो. कागदाप्रमाणे तसंच."

"अन् तुह्या कागदात बी हेच हाये?"

"हो."

भावाची बायको चहा घेऊन आली, तो तिनं घेतला नाही. "मंग तुले हे मालूम होतं?"

मी म्हणाले, "मी बघते काय करता येईल ते." ती पिशवी गुंडाळून उठली. फाटकापाशी वळून म्हणाली, "सोमवारी येजो. नाई आलीस त त्या गाडीतली येइनच."

तेव्हापासून मी याच खोलीत बसून आहे. बाहेर पडायला मला दोन दारं दिसतात आणि दोन्ही माझ्या तोंडावर बंद होतात. सोमवारी गेले नाही तर माझा आवाज तिथं असेलच, 'मी आहे' म्हणत, आणि चाळीस घरं त्यावर भरवसा ठेवून सही करतील. गेले आणि बोलले तर करार मोडल्याबद्दल कोर्टाची नोटीस. तो पोरगा काल परत फोनवर होता. "मॅडम, एक फॉर्मॅलिटी. परस्पर संमतीने करार समाप्त, असा कागद पाठवलाय. सोमवारच्या आत साइन करून टाका, म्हणजे फाइल बंद. आणि हां, केशोरीच्या प्रोग्रामला तुम्ही येऊन राहिल्या असं कोणी तरी बोललं. प्लीज मॅडम. लीगलवाले लई कडक आहेत. मैं तो आपकी रिस्पेक्ट करता हूँ." त्याचा दोष नाही. त्याचाही करार असेलच कुठला तरी, आणि त्यातही नववं कलम असेल.

नोटिशीची भीती आहे, खोटं कशाला बोलू. एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोर्टात टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण दोन-तीन वर्षं तारखांना चकरा मारायची तयारी ठेवा. चकरा मी मारीन. माझा पाय अडतो आहे तो तिच्या त्या प्रश्नापाशी. तुले हे मालूम होतं? हो म्हटलं तर मी आपल्याच गावाला जाणूनबुजून अडकवलं. नाही म्हटलं तर आजवर जिथं जिथं मी 'लेखी घ्या' म्हणून ओरडले त्या सगळ्या सभा माझ्यावर हसतील. मी काल दिवसभर तिसरं उत्तर शोधत होते. मला शब्दांची कमी कधी पडली नाही, त्यामुळे तशी चार-पाच उत्तरं तयारही झाली. 'कंपनीनं आपल्या सगळ्यांचीच फसवणूक केली' हे त्यातलं सर्वात देखणं. मुठी वळतील, घोषणा होतील, आणि माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

एवढ्यासाठीच तुला लिहायला बसले. सभेत सांगायच्या आधी एकदा कोणाला तरी सांगून बघायचं होतं. माझ्या कराराच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात 'मुख्य वक्त्या' असं छापलं होतं, पुढे माझं पूर्ण नाव. तुझं नावही होतं त्यात, मधलं नाव म्हणून. मला ते फार आवडलं. मी ते पान दोनदा वाचलं, शेवटचं पान उघडलं आणि सही केली. मधली पानं मी वाचलीच नाहीत, बा. बायांचा करारही मी गावोगाव उंच धरला, उघडला एकदाही नाही.

लिहून झालं. वाटलं होतं तेवढं मोकळं वाटत नाही. मालकाच्या गोठ्यातून परत येताना तुला रोज काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही, आणि आता माझ्या मनानं काही ठरवून तुझ्या तोंडी घालणार नाही.

संमतीचा कागद मी सही न करता परत पाकिटात घातला आहे. सोमवारी सकाळच्या बसनं जाते आहे. भाषण करणार नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, इथंच राहील. खाली मात्र जे लिहिते आहे तेवढं फाडून सोबत नेणार आहे, म्हणजे तिथं उभी राहिल्यावर तोंड भलतीकडे धावणार नाही.

बायांनो, मी हा कागद न वाचता तुमच्यापुढे धरला. मला माहीत नव्हतं, कारण मी पाहिलं नव्हतं. ही चूक कंपनीची नाही, माझी आहे. आता नववं कलम मी सावकाश वाचते, कोणाला समजलं नाही तर परत वाचीन. तुमचं वाचून झालं की समोरच्या कंपनीच्या साहेबांना पेन द्या. ते कलम तुमच्या डोळ्यांसमोर खोडून, त्यावर त्यांनी स्वतःची सही केल्याशिवाय आज एकीनंही सही करू नका.